म्युझियममध्ये आहे

आमच्या पोलादपुराकडच्या वाड्यांमध्ये कुणी नोकरी करत नाही, जो तो कुठेतरी ‘असतो’. कुणाचा थोरला रेल्वेत आहे, कुणाचा जावई गोदीत आहे, कुणाचा पुतण्या बँकेत हाय. बँकेत तो साहेब आहे की दारावरचा वॉचमन आहे, हे विचारायची पद्धत नाही. विचारणारा आगाऊ ठरतो. मी उभा जन्म मराठी शाळेत मास्तरकी केली, मुलांकडून क्रियापदं घोटून घेतली, आणि या एका क्रियापदाने माझ्याच घराचं वाटोळं केलं ते मला साठी उलटल्यावर कळलं.

माझा मुलगा आर्मेनियात आहे. एकुलता एक. महाडला आयटीआय केलं, एमआयडीसीत दोन वर्षं काढली, मग ओळखीतल्या कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की आर्मेनिया म्हणजे युरोपचं दार. हा त्या दारातून गेला, त्याला आता चार वर्षं होतील. दार आहे तरी कुठे म्हणून मी शाळेच्या भिंतीवरचा नकाशा बघायला गेलो. नकाशा इतका जुना की त्यात तो देशच नव्हता, सगळा एकच रशिया रंगवला होता. शेवटी शिपायाने मोबाईलवर दाखवलं.

आमच्या वाडीत फोनला रेंज नाही. देवळामागच्या कातळावर चढलं की मिळते, ती पण कुडपणच्या बाजूला तोंड केलं तर. पोरगा गेल्यावर पहिल्याच थंडीत बायकोने तिथून त्याला फोन लावला. तिला फोनवर ओरडून बोलायची सवय. “काय रं, कुठं हायस?” तिने विचारलं. तो म्हणाला, “म्युझियममध्ये हाय गो आई, मागनं करतो.” आणि ठेवला.

बस्स, एवढंच. ती कातळावरून उतरली तोवर पोरगा म्युझियमला लागला होता. मी त्या दिवशी महाडला गेलो होतो. संध्याकाळी एसटीतून उतरलो तर फाट्यावरच्या टपरीवाल्याने माझं अभिनंदन केलं. घरी आल्यावर मी बायकोला एक साधा प्रश्न विचारायला हवा होता: तो नक्की काय म्हणाला? मी विचारला नाही. मला इतका आनंद झाला होता की विचारायचं सुचलंच नाही, आणि खरं सांगायचं तर विचारायचं नव्हतंच.

कारण म्युझियम हा माझा दुखरा भाग. दरवर्षी मी शाळेची सहल रायगडावर न्यायचो. पोरांना सांगायचो, इथे बाजारपेठ होती, इथे सदर होती, इथे सिंहासन होतं. होतं, होती, होते. पोरं त्या चौथऱ्यांकडे बघत जांभया द्यायची आणि पाचाडला उतरून पिठलं-भाकरी खाल्ली की सगळं विसरायची. वस्तू नसलेल्या जागा दाखवण्यात माझी हयात गेली. आणि माझा मुलगा अशा ठिकाणी लागला की जिथे वस्तू खरोखरच आहेत, काचेत ठेवलेल्या आहेत, खाली चिठ्ठी लावलेली आहे! मी शाळेत पेढे वाटले. चवदार तळ्याजवळ आम्ही निवृत्त मास्तर चहाला जमतो, तिथे तर महिनाभर दुसरा विषय काढू दिला नाही.

पुढच्या वेळी मी स्वतः फोनवर त्याला म्हटलं, “म्युझियमला लागलास म्हणे. शाबास.” तो म्हणाला, “बाबा, आवाज येत नाय,” आणि फोन कटला. मी रेंजला शिव्या दिल्या.

दोन वर्षांनी मी त्याला भेटायला गेलो. बायकोचे गुडघे गेलेले, ती येऊ शकत नव्हती. तिने कुळथाचं पीठ, नाचणीचं पीठ आणि भरलेल्या मिरच्या बांधून दिल्या. मी माझ्याकडून शाल घेतली. त्याच्या म्युझियमच्या साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, असं मी घरूनच ठरवलं होतं. नारळ विमानात चालत नाही असं कळल्याने श्रीफळ राहिलं. आपल्याकडे निवृत्तीला, उद्‌घाटनाला, अगदी तलाठ्याच्या बदलीलाही शाल लागते. मुलाच्या साहेबाला बिनशालीचं भेटायचं हे माझ्या डोक्यात बसेना.

येरेवानच्या विमानतळावर तो घ्यायला आला होता. वाळला होता. हाताची बोटं पेरापेरावर उललेली. थंडीमुळे, तो म्हणाला. माझी सोय एका छोट्या लॉजमध्ये केली होती. “तुझ्या खोलीवर का नाही?” मी विचारलं. “लांब हाय,” तो म्हणाला. “मग बघू.” आणि दुसऱ्या दिवसापासून आमची सहल सुरू झाली. जन्मभर मी सहली नेल्या, आता तो मला नेत होता, आणि सांगायला हवं की माझ्यापेक्षा चांगली नेत होता.

पहिल्या दिवशी त्यांचं मुख्य चर्च पाहिलं. बायका डोक्यावर ओढणी घेऊन आत शिरत होत्या, वाळूत बारीक पिवळ्या मेणबत्त्या खोचत होत्या, आणि बाहेर येताना उलट्या पावलांनी येत होत्या, देवाला पाठ न दाखवता. मीही तसाच आलो आणि उंबऱ्याला अडखळलो. अंगणात पुरुषभर उंचीच्या शिळा उभ्या होत्या, प्रत्येकीवर एक क्रूस आणि त्याभोवती विणकामासारखी नक्षी. मी म्हटलं, अरे, हे तर आपले वीरगळ! आपल्या वेशीवरच्या दगडावर घोडेस्वार असतो, यांच्या दगडावर क्रूस, पण माणूस गेल्यावर दगड उभा करायची रीत तीच. पोरगा हसला. त्या आठवड्यात तो दोनदा हसला, त्यातलं हे एक.

दुसऱ्या दिवशी हस्तलिखितांचं संग्रहालय. टेकडीच्या पायऱ्या चढून आम्ही दाराशी गेलो, मी पिशवीतली शाल चाचपली, शर्टाची कॉलर नीट केली. पोरगा जाऊन तिकिटाच्या रांगेत उभा राहिला. मी म्हटलं, “स्टाफला कशाला रे तिकीट?” तो म्हणाला, “तुमचं काढायला नको?” पण त्याने दोन काढली. दोन तिकिटं मी माझ्या डोळ्यांनी बघितली. मनात म्हटलं, इथे शिस्त कडक असेल, मंत्र्यालाही तिकीट काढावं लागत असेल. आणि हे म्युझियम त्याचं नसेलही, शहरात म्युझियमं काय थोडी आहेत.

आत एका काचेत एक अवाढव्य पोथी होती. शंभरेक वर्षांपूर्वी यांच्या लोकांची मोठी कत्तल झाली, त्या काळात दोन बायकांनी ती वाचवली, पोरगा सांगत होता. एकीला उचलेना म्हणून दोघींनी अर्धी अर्धी वाटून घेतली आणि वाट फुटेल तिकडे चालत राहिल्या. एक वाटेत मेली, पण तिने आपला अर्धा भाग पुरून ठेवला होता. पुढे दोन्ही भाग एकत्र आले. त्याला सगळं तोंडपाठ होतं. कुठली शाई कसल्या किड्यापासून काढतात तेही. मला अभिमानाने भरून आलं. एवढी माहिती स्टाफशिवाय कुणाला असणार? मी म्हटलं, “आता साहेबांना भेटू या.” तो म्हणाला, “चला, पुढचं बघू.”

असे तीन दिवस गेले. कत्तलीत गेलेल्यांच्या स्मारकापाशी अखंड आग जळत होती, लोक फुलं ठेवून न बोलता खाली उतरत होते. तिथून दूर त्यांचा तो मोठा बर्फाचा डोंगर दिसत होता. तो डोंगर यांचा जीव की प्राण, पण आता सीमेपलीकडे दुसऱ्या देशात आहे, पोरगा म्हणाला. “रोज दिसतो, जायला मिळत नाय.” मी मास्तरी आवाजात म्हटलं, “असं कसं? प्रयत्न केला पाहिजे.” तो खाली उतरायला लागला. रोज सकाळी मी शाल पिशवीत टाकायचो, आणि रोज तो म्हणायचा, बघू. आता आठवून बघतो तर त्या सगळ्या दिवसांत तो एकदाही खोटं बोलला नव्हता. साहेब रजेवर आहेत, साहेब बाहेरगावी आहेत, असलं काहीही म्हणाला नाही. नुसतं बघू.

चौथ्या दिवशी आम्ही मोठ्या चित्रशाळेत गेलो. ती कितीतरी मजल्यांची. लिफ्टने वर जायचं आणि बघत बघत खाली उतरायचं. एका मजल्यावर समुद्राची चित्रं होती, दालनभर नुसते समुद्र, फुटलेली जहाजं आणि लाटांच्या मागून उगवणारा चंद्र. या देशाला बोटभर किनारा नाही आणि समुद्र काढलेत हे केवढे. दालनाच्या कोपऱ्यात खुर्चीवर एक म्हातारी बसली होती, चित्रांना कुणी हात लावू नये म्हणून राखण करणारी. पोराला बघताच ती उठली. तिने त्याचा गाल थोपटला, काहीतरी बोलली, आणि माझ्याकडे बोट करून त्याला विचारलं. तो काहीतरी पुटपुटला. त्याचा चेहरा उतरला होता, पण मला काय त्याचं! चार दिवसांनी का होईना, माझ्या मुलाला ओळखणारं माणूस म्युझियममध्ये भेटलं होतं.

साहेब नाही तर नाही, सहकारी तर आहे. मी शाल काढली, घडी मोडली आणि म्हातारीच्या खांद्यांवर घातली. वर भाषणही ठोकलं. आपल्यासारख्या ज्येष्ठांच्या मार्गदर्शनाखाली माझ्या मुलाला सेवेची संधी मिळाली, हे आमचं भाग्य, वगैरे. मराठीत. दालनातले लोक समुद्र सोडून आमच्याकडे बघायला लागले. म्हातारीचे डोळे भरून आले. तिने खिशातून मोबाईल काढला, त्याच्यात काहीतरी बोलली, आणि पडदा माझ्यापुढे धरला. त्या यंत्राने तिचं बोलणं हिंदीत करून दिलं होतं: ‘आपका बेटा अच्छा लड़का है। सर्दियों में लोगों को खाना पहुँचाकर यहाँ आता है। मैं उसे हीटर के पास बैठने देती हूँ।’

मी हिंदीही शिकवलेली आहे. तरी दोनदा वाचलं. पोरगा आमच्याकडे पाठ करून एका बुडत्या जहाजापुढे उभा होता.

आम्ही लिफ्ट घेतली नाही. जिन्यातच एका मजल्यावर तो पायरीवर बसला आणि म्हणाला, “मी म्युझियममध्ये हाय असं बोललो होतो. तेव्हा होतोच ना बाबा. बाहेर बर्फ पडत होतं, पार्सल घेऊन दोनदा घसरलो होतो. ढोपर फुटलेलं. इथं आत गरम असतं म्हणून येऊन बसलो, आणि आईचा फोन आला.”

“मग नंतर सांगायचं नाही का?”

“कधी? तुम्ही पेढे वाटल्यावर?”

तो सांगत गेला. पाठीवर मोठी पेटी घेऊन दुचाकीवरून जेवण पोचवायचं. पाच जणांत एक खोली. युरोपचं दार वगैरे काही नाही, दार बंदच होतं. आणि रिकाम्या वेळात तो म्युझियमात जाऊन बसायचा, आधी थंडीमुळे, मग मला फोनवर काही सांगता यावं म्हणून. पोथीची गोष्ट, किड्याची शाई, सगळं त्याने माझ्यासाठी पाठ केलं होतं. “जेवण पोचवतो, चोरी तर नाय करत,” तो म्हणाला. “यात लाज कसली?”

श्रमप्रतिष्ठेचा धडा मी दरवर्षी शिकवायचो. कुठलंही काम हलकं नसतं, असं फळ्यावर लिहून पोरांकडून दहा वेळा लिहून घ्यायचो. पोराने विचारलेल्या प्रश्नाला मला तेवढं एक वाक्य म्हणायचं होतं. ते तोंडातून निघालं नाही. मला लाज वाटली. माझी स्वतःची वाटली असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण तेव्हा मला त्याची लाज वाटली. आणि ती त्याने माझ्या तोंडावर वाचली.

शेवटच्या दिवशी त्याने मला डोंगरात कोरलेला एक मठ दाखवला. आत अखंड खडकात खोल्या, खांब, कमानी, आणि एका कोपऱ्यात झरा. बाहेरच्या कड्यात कोनाडे आहेत. लोक त्यात खालून खडे फेकतात, खडा टिकला तर इच्छा पुरी होते म्हणतात. आम्ही दोघं त्या कड्याखाली बसलो होतो. खडा दोघांनीही उचलला नाही.

“बाबा, मला यायचंय,” तो म्हणाला. “इथं माझं काय नाय. पोलादपूरला रिक्षा चालवीन, शेत करीन, काय पण करीन. पण येऊ कोण म्हणून? म्युझियममधनं काढला, असं बोलतील. लोकांचं जाऊ दे, आई काय म्हणेल? तुम्ही आधी जाऊन खरं सांगा. एकट्या आईला सांगितलंत तरी चालेल. तुम्ही सांगितलंत की मी महिन्याभरात येतो.”

“गेल्या गेल्या सांगतो,” मी म्हटलं. त्याचा हात हातात घेतला होता. उललेली बोटं खरखरीत लागली. त्या वेळी मी मनापासून म्हणालो होतो.

पोलादपूरच्या स्टँडवर बायको जीपने खाली येऊन थांबली होती, गुडघे धरून. सोबत तिची जाऊ. मी बॅग खाली ठेवायच्या आत तिने विचारलं, “बघितलंत त्याचं म्युझियम?” आणि मी उत्तर द्यायच्या आत सांगून टाकलं की महाडकडच्या एका घरातून पोरासाठी सांगून आलंय, मुलगी शिकलेली आहे, गुरुवारी माणसं बघायला येणार आहेत. तिचा असा फुललेला चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. “वळखतात का वो त्याला तिथं सगळी?” तिने विचारलं.

“ओळखतात,” मी म्हणालो. “म्हाताऱ्या बायकासुद्धा.”

हे खोटं नव्हतं. बाकीचं रात गेल्यावर सांगू, असं मी मनाशी ठरवलं. सकाळी म्हटलं, गुरुवार जाऊ दे. गुरुवारी ती माणसं आली, पोहे खाल्ले, मुलीच्या बापाने मुलाचं विचारलं. मी त्यांना दोन तास पोथ्यांची माहिती दिली. शाईचा किडासुद्धा सोडला नाही. ती माणसं भारावून गेली. मी किती छान बोललो, बायको नंतर म्हणाली.

पोराचा फोन आला की तो आधी आईशी बोलायचा, मग मला द्यायला सांगायचा आणि हळूच विचारायचा, “सांगितलंत?” मी म्हणायचो, सांगतो. असं तीनचार वेळा झालं. मग त्याने विचारणं सोडलं. मुलगा यायची चिन्हं दिसेनात तेव्हा त्या मुलीचं लग्न दुसरीकडे झालं. बायको थोडे दिवस रडली. नंतर तिने स्वतःची समजूत घातली की पोरगा मोठ्या जागेवर आहे, त्याला आता आपली वाडी कशी आवडणार. ती असं शेजारणींना सांगते तेव्हा मी समोर बसलेला असतो. एक वाक्य बोलायचं असतं, त्याला किती वेळ लागतो? रोज वाटतं आज बोलू, आणि रोज मी पेपर उघडतो. मी भित्रा माणूस आहे. शाळेत छडी होती म्हणून ते लपलं होतं.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. बायकोला आता कातळावर चढवत नाही, मी हात धरून नेतो. तिने विचारलं, “कधी येतोस रं?” एरवी तो म्हणायचा, बघू. मी बाजूला उभा होतो, मला त्याचा आवाज ऐकू येत होता. तो म्हणाला, “सुट्टी नाय मिळत गो आई. म्युझियमचं काम लय असतं.”

अगदी सहज म्हणाला, कुणी नाव सांगावं तसं. चार वर्षांत हे त्याने स्वतःच्या तोंडाने कधी म्हटलं नव्हतं. बायको मान हलवत होती, तिला यात नवीन काहीच नव्हतं. मग तिने फोन माझ्या हातात दिला.

“बाबा,” तो म्हणाला, “आता नका सांगू कुणाला.”

मी बरं म्हटलं.